लोकप्रिय भाषा आणि पायाचे कारागीर
प्रोग्रामिंग भाषांची लोकप्रियता सिस्टिम्स डेव्हलपरांच्या उपलब्धतेवर कसा परिणाम करते?

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी जगभरच्या विमानतळांवरचे पडदे एकाएकी निळे पडले. आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यायची वेळ आली. बँका, इस्पितळं, टीव्ही केंद्रं, सगळीकडे तीच रड. कारण शोधल्यावर कळलं ते असं: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटीशी फाइल पाठवली होती. ती वाचताना त्यांच्या प्रोग्रामने मेमरीत आपल्या हद्दीबाहेर डोकावलं. हा प्रोग्राम विंडोजच्या अगदी गाभ्यात चालणारा. त्यामुळे तो कोसळला तशी अख्खी विंडोज कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक त्या दिवशी बंद पडले.

आपल्याकडे घरटी एक तरी माणूस ‘आयटी’त असतो असं आपण गमतीने म्हणतो. तरीही त्या गाभ्यात शिरून काम करू शकणारी माणसं किती, हा प्रश्न त्या शुक्रवारनंतर मला सतावत राहिला. वेबसाइट बनवणारे पुष्कळ, ॲप बनवणारे पुष्कळ. पण ज्या जमिनीवर ही वेबसाइट आणि ॲप उभी राहतात, ती जमीन सारवणारे कोण?

मी साहित्याची विद्यार्थिनी. मग हा विषय माझा कसा? तर प्रश्न मुळात भाषेचाच आहे. एखादी भाषा लोकप्रिय झाली की तिचे जाणकार वाढतात, आणि मागे पडली की जाणकार कमी होतात, हे आपल्याला सरळ वाटतं. संगणकाच्या भाषांच्या बाबतीत हे किती खरं आहे, ते या लेखात टप्प्याटप्प्याने पाहू. उत्तर वाटतं तितकं सरळ नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

१. सिस्टिम्स डेव्हलपर म्हणजे कोण?

तुम्ही मोबाइलवर एक निरोप टाइप करून पाठवता. तुम्हाला दिसतं ते फक्त ॲप. त्या ॲपच्या खाली ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कॅमेरा, पडदा, वाय-फाय या प्रत्येक यंत्रभागाशी कर्नलच्या वतीने बोलणारे छोटे प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल अशा रूपात आणणारा तो कंपायलर. शिवाय माहिती साठवणारे डेटाबेस, निरोप कुलूपबंद करणाऱ्या लायब्ऱ्या. हे सगळं लिहिणारे आणि सांभाळणारे म्हणजे सिस्टिम्स डेव्हलपर.

त्यांच्या कामातली मोठी जोखीम म्हणजे मेमरी. पायथन किंवा जावास्क्रिप्टसारख्या भाषेत मेमरीची ने-आण भाषा स्वतःच करते. लिहिणाऱ्याने त्याकडे बघायचं कारण नाही. सी भाषेत मात्र जागा मागायची आपण, वापरायची आपण आणि परतही करायची आपणच. भाड्याच्या खोलीसारखं आहे हे. खोली सोडली पण चावी खिशातच राहिली, आणि सवयीने आपण पुन्हा तिथे जाऊन कुलूप उघडलं, तर आत आता दुसरंच बिऱ्हाड असतं. किंवा आपली खोली दहा नंबरची, आणि आपण अकरा नंबरच्या दाराला हात घातला. क्राउडस्ट्राइकच्या प्रोग्रामचं झालं ते या दुसऱ्या जातीचं. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९ साली सांगितलं की, त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशा चुकांतूनच येतात. क्रोम ब्राउझरच्या गंभीर त्रुटींबाबत गूगलनेही पुढच्या वर्षी जवळपास तोच आकडा दिला.

तेव्हा इथे नुसती भाषा येऊन भागत नाही. यंत्र आतून कसं चालतं याचं भान लागतं.

२. लोकप्रियता मोजतात तरी कशी?

‘टायोबी’ नावाची एक क्रमवारी २००१ पासून निघते. कोणत्या भाषेबद्दल इंटरनेटवर किती मजकूर सापडतो, यावर ती मुख्यतः अवलंबून असते. सुमारे वीस वर्षं तिच्या पहिल्या जागेवर सी आणि जावा आलटून पालटून होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिल्यांदा पायथनने ती जागा घेतली.

दुसरं माप म्हणजे ‘स्टॅक ओव्हरफ्लो’चं वार्षिक सर्वेक्षण. २०२३ साली त्यात सुमारे ९० हजार लोकांनी भाग घेतला. जावास्क्रिप्ट वापरतो असं म्हणणारे जवळपास ६४ टक्के, पायथन ४९ टक्के, सी १९ टक्के आणि रस्ट १३ टक्के. एक माणूस अनेक भाषा सांगू शकतो, म्हणून बेरीज शंभराच्या वर जाते. याच सर्वेक्षणात आणखी एक प्रश्न असतो: वापरलेली भाषा पुढेही वापरायला आवडेल का? त्यात रस्टला हो म्हणणारे ८० टक्क्यांहून जास्त निघाले. वापर कमी, जीव मात्र जास्त.

म्हणजे लोकप्रियता या एका शब्दात निदान तीन गोष्टी मिसळलेल्या आहेत: किती जण बोलतात, किती जण वापरतात आणि किती जणांना आवडते. आणि या तिन्हींपैकी एकातूनही ‘कर्नलमध्ये काम करू शकणारे किती’ हे कळत नाही. एखाद्या वर्तमानपत्राचा खप पाहून त्या भाषेत शिलालेख वाचणारे किती, हे कसं कळणार?

३. पहिला परिणाम वर्गात होतो

लोकप्रियतेचा सगळ्यांत थेट परिणाम अभ्यासक्रमावर होतो. अमेरिकेत शाळेतच कॉलेजच्या पातळीची ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा देता येते. तिच्या संगणकशास्त्राच्या पेपरात आधी पास्कल भाषा होती. १९९९ पासून सी प्लस प्लस आली आणि २००४ च्या परीक्षेपासून जावा. चार-पाच वर्षांत भाषा दोनदा बदलली, कारण बाहेरच्या उद्योगातलं वारं बदललं होतं. २०१४ साली फिलिप ग्वो या संशोधकाने अमेरिकेतल्या आघाडीच्या ३९ संगणकशास्त्र विभागांची पाहणी केली, तेव्हा २७ विभाग सुरुवातीचे धडे पायथनमध्ये देत होते.

आपल्याकडेही तेच झालं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ हे पुस्तक इंजिनीअरिंगच्या कितीतरी मुलांच्या दप्तरात असायचं. कॉलेजांच्या लॅबमध्ये निळ्या पडद्याची टर्बो सी वर्षानुवर्षं चालली. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला बरीच वर्षं सी प्लस प्लस होती, नंतर तिची जागा पायथनने घेतली.

या बदलाला शिक्षकांनी विरोध केला नाही असं नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या रॉबर्ट ड्यूअर आणि एडमंड शोनबर्ग या दोन प्राध्यापकांनी २००८ साली एक लेख लिहून विचारलं की, उद्याचे सॉफ्टवेअर इंजिनीअर येणार कुठून? त्यांचा आक्षेप असा की, पहिली भाषा म्हणून जावा शिकवल्यावर मुलं तयार सुटे भाग जोडायला शिकतात, पण यंत्र आणि त्यांच्यातला संबंध तुटतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पायथन सोपी असल्यामुळे प्रोग्रामिंगच्या दाराशी आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मुलं येतात. त्यांत जीवशास्त्राची आहेत, अर्थशास्त्राची आहेत, आमच्यासारखी साहित्याचीही आहेत. पहिल्याच तासाला पॉइंटर समोर ठेवले असते, तर त्यातली अर्धी दारातूनच परत गेली असती. दार मोठं झालं हे चांगलंच झालं. प्रश्न एवढाच की, आत आल्यावर तळघराकडे जाणारा जिना कुणी दाखवतं का?

४. गंमत अशी की मागणीही वाढते

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळ्या विषयाची मेख इथे आहे. पायथन भाषेत लिहिलेला प्रोग्राम चालवतो कोण? पायथनचा जो मुख्य आणि सगळ्यांत जास्त वापरला जाणारा इंटरप्रिटर आहे, तो स्वतः सी भाषेत लिहिलेला आहे. आकडेमोडीसाठी सगळे जे नमपाय वापरतात, त्याचा वेगवान गाभाही सीमध्येच आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनचा कर्नल म्हणजे लिनक्स, त्याच्या तीन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक सीमध्ये. सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली आणि १९७३ साली युनिक्स तिच्यात नव्याने लिहिली गेली. आज पन्नास वर्षं उलटून गेली तरी पाया तोच आहे.

म्हणजे पायथनचा एकेक नवा विद्यार्थी सीवरचा भार थोडा थोडा वाढवतो. वरचे मजले वाढतात तसा पायावरचा भार वाढतो. आणि त्याच वेळी, वर्गात सी मागे पडल्यामुळे, पाया सांभाळायला येणारे हात कमी होतात. एकाच लोकप्रियतेने मागणी वाढते आणि पुरवठा आटतो. बाजारात कांदा महागला की पुढच्या हंगामात शेतकरी कांदा जास्त लावतो. इथे तसं पटकन होत नाही. सिस्टिम्सचं काम शिकायला वर्षं लागतात, आणि मधल्या काळात टंचाई कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. ती दिसते ती काहीतरी कोसळल्यावरच.

५. भाषा येणं वेगळं, काम येणं वेगळं

मग सी पुन्हा सगळ्यांना शिकवली की झालं? तसंही नाही. याची दोन उदाहरणं पाहू.

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची त्रुटी उघड झाली. ओपनएसएसएल ही वेबसाइटशी होणारं आपलं बोलणं कुलूपबंद करणारी लायब्ररी आहे. ती सीमध्ये लिहिलेली, आणि जगातल्या असंख्य वेबसाइट तिच्यावर विसंबून होत्या. त्रुटी पुन्हा तीच, हद्दीबाहेरची मेमरी वाचण्याची. तपासात लोकांना धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. या लायब्ररीसाठी पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता, आणि तिला देणग्या मिळायच्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर. त्या काळात सी क्रमवारीच्या अगदी वरच्या जागी होती बरं का! ती भाषा येणारे लाखो लोक जगात होते. त्या कामाला लागलेला माणूस एक.

दुसरं उदाहरण मार्च २०२४ चं. एक्सझेड ही फाइल लहान करण्याची एक साधी लायब्ररी. तिचा सांभाळ एकटा माणूस करत होता आणि तो थकला होता. मदतीच्या मिषाने दुसऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून त्याचा विश्वास मिळवला, आणि मग तिच्यात चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की आपल्या यंत्रावर लॉगिन होायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला, म्हणून जग वाचलं.

दोन्हींतून निघणारा धडा एकच. भाषेची लोकप्रियता माणसांचा साठा तयार करते, पण त्या साठ्यातून सिस्टिम्स डेव्हलपर आपोआप निघत नाही. मध्ये तीन गोष्टी लागतात: यंत्राची ओळख, हाताशी धरून शिकवणारं कुणीतरी आणि त्या कामावर पोट भरेल अशी सोय. टर्बो सीवर परीक्षेपुरते पॉइंटरचे प्रश्न पाठ केलेल्या हजारो मुलांनी पुढे कर्नलकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्याचं कारण हेच. माझा एक चुलतभाऊ इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ड्रायव्हर लिहायला आवडतं त्याला. पण कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या विचारतात त्या वेबच्या गोष्टी, म्हणून तोही आता रात्र जागून त्याच करतोय. त्याला नावं कशाला ठेवायची? लोकप्रियता नोकरीच्या जाहिरातीतूनही बोलते, आणि घरी कर्जाचा हप्ता असला की तिचं ऐकावंच लागतं.

६. भाषा मागे पडते तेव्हा

आता उलट बाजू. कोबोल या भाषेचं काम १९५९ साली सुरू झालं. हिशेब, पगार, विमा, पेन्शन अशा कारभारासाठी ती एके काळी घरोघरची होती. पुढे कॉलेजांतून ती जवळजवळ नाहीशी झाली. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे अमेरिकेत बेकारी भत्त्याच्या अर्जांची रीघ लागली, तेव्हा न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना जाहीर आवाहन करावं लागलं की, कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवे आहेत. त्या गोंधळात कोबोलचा दोष किती आणि इतर यंत्रणेचा किती, हा वाद वेगळा. पण चाळीस वर्षं जुन्या प्रोग्रामजवळ उभं राहायला माणूस शोधावा लागला, हे तर खरंच. कोबोल ही काही सिस्टिम्सची भाषा नव्हे, तरी नियम तोच लागू होतो.

गोव्यात हे समजायला आपल्याला अमेरिकेत जायला नको. १९६१ नंतर शाळांतून पोर्तुगीज मागे पडली. पण जमिनीची, वारसाची, चर्चच्या वह्यांतली जुनी कागदपत्रं पोर्तुगीजच राहिली. भाषेची लोकप्रियता गेली, कागदाचा अंमल गेला नाही. आज एखाद्या घराच्या वाटणीचा तंटा निघाला की आधी तो कागद वाचणारा माणूस शोधावा लागतो. मोडी लिपीचीही तीच गत: दप्तरखान्यांत रुमालच्या रुमाल पडून आहेत आणि वाचणारे मोजके. प्रोग्रामचंही असंच असतं. भाषा फॅशनमधून जाते, तिच्यात लिहिलेलं मात्र चालूच राहतं.

हुकमाने लोकप्रियता आणता येते का, हाही प्रयोग होऊन गेलाय. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने शेकडो भाषांचा गोंधळ आवरायला एडा ही भाषा करवून घेतली. एडा लव्हलेस यांचं नाव तिला दिलं. १९८३ साली तिचं प्रमाण रूप ठरलं आणि १९९१ पासून संरक्षणाच्या नव्या सॉफ्टवेअरसाठी ती कायद्याने सक्तीची झाली. १९९७ मध्ये ती सक्ती मागे घेतली गेली. बाहेरच्या बाजारात सी आणि सी प्लस प्लसचे लोक मिळत होते, एडाचे मिळत नव्हते. असं असूनही एडा मेली नाही. बोइंग ७७७ या विमानाचं बरंचसं सॉफ्टवेअर एडामध्येच आहे. जिथे चूक परवडत नाही तिथे कंपन्या भाषा येणारा माणूस शोधत बसत नाहीत, चांगला अभियंता घेतात आणि त्याला भाषा शिकवतात. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

७. रस्ट: आवड आहे, सवय नाही

रस्टची सुरुवात ग्रेडन होअर यांनी २००६ साली एक खासगी प्रयोग म्हणून केली. पुढे मोझिलाने तिला आधार दिला आणि मे २०१५ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. तिची खासियत अशी की, खोली सोडल्यावर चावी खिशात ठेवलीत तर कंपायलरच तुम्हाला दाराशी अडवतो. मेमरीच्या बहुतेक चुका प्रोग्राम चालण्याआधीच पकडल्या जातात, आणि वेग मात्र सीच्या तोडीचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर व्हाइट हाउसनेच अहवाल काढून मेमरीच्या दृष्टीने सुरक्षित भाषांकडे वळा असं उद्योगाला सांगितलं.

लिनक्सच्या कर्नलमध्ये रस्टला पहिला प्रवेश मिळाला डिसेंबर २०२२ च्या ६.१ या आवृत्तीत. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स जाहीर केली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते, म्हणजे माझ्याएवढे. त्यांच्याबरोबर सुरुवातीला आलेले बरेच जण आज पन्नाशीच्या आसपास आहेत. देखभाल करणारी नवी माणसं मिळणं अवघड जातं, हे टोरवाल्ड्स स्वतः बोलले आहेत. रस्टमुळे तरुण मंडळी या कामाकडे वळतील, ही तिला दार उघडण्यामागची एक आशा आहे.

पण घरात नवी सून आली की भांड्याला भांडं लागतंच. जुन्या देखभालदारांचं म्हणणं असं: तुम्ही आज रस्टमध्ये ड्रायव्हर लिहून जाल, उद्या मी सीमध्ये काही बदललं आणि तुमचं मोडलं, तर ते दुरुस्त कोण करणार? मला रस्ट येत नाही, आणि तुम्ही तेव्हा इथे असाल की नाही ठाऊक नाही. नव्यांचं म्हणणं: आम्ही शिकायला, सांभाळायला तयार आहोत, निदान दार तरी पूर्ण उघडा. २०२४ साली रस्टच्या बाजूच्या एका प्रमुख देखभालदाराने तांत्रिक नसलेल्या वादांना कंटाळून काम सोडलं. मला दोघांचंही पटतं. जुन्यांची भीती भाषेची नाहीच, उपलब्धतेची आहे. आवडीच्या यादीत पहिली असलेली भाषा दहा वर्षांनी माणसं देईल का, हे ते विचारतायत.

याला एक आश्वासक उत्तर गूगलकडून मिळालं. २०२२ च्या सुमारास रस्ट शिकलेल्या आपल्या हजाराहून अधिक डेव्हलपरांचं सर्वेक्षण करून त्यांनी २०२३ मध्ये निष्कर्ष दिले: दोन तृतीयांशांहून जास्त लोकांना दोन महिन्यांच्या आत रस्टच्या कामात हातभार लावण्याचा आत्मविश्वास आला होता. आणि अँड्रॉइडमध्ये नवं काम सुरक्षित भाषांत करायला लागल्यावर, एकूण त्रुटींतला मेमरीच्या त्रुटींचा वाटा २०१९ च्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. अर्थात हे लोक आधीच मुरलेले होते. कोऱ्या पाटीच्या मुलाला दोन महिने पुरणार नाहीत. पण एडाच्या गोष्टीतला धडा इथे पुन्हा दिसतो: पाया पक्का असेल तर नवी भाषा हा महिन्यांचा प्रश्न असतो, पाया घालणं हा वर्षांचा.

८. मग उपलब्धता ठरते कशाने?

आतापर्यंतचं एकत्र करून बघू.

एक, लोकप्रियता दार किती रुंद असेल ते ठरवते. दोन, वर्गातली पहिली भाषा मुलांची नजर कुठवर जाईल ते ठरवते. तीन, त्या दारातून आत आलेल्यांपैकी तळघरात कितीजण उतरतील, हे जिन्यावर अवलंबून असतं: यंत्र उघडून बघायची मुभा, शिकवणारे हात, पगार.

जिना बांधता येतो, याचं एक सुंदर उदाहरण इंग्लंडमधलं आहे. १९८० च्या दशकात तिथल्या शाळांत बीबीसी मायक्रो नावाचा संगणक होता. तो चालू केला की थेट बेसिक भाषाच समोर यायची. त्यातच एक सोय अशी होती की, बेसिकच्या प्रोग्राममध्येच यंत्राच्या अगदी जवळची असेंब्ली भाषाही लिहिता यायची. सोपी, लोकप्रिय भाषा आणि तिच्यातूनच खाली जाणारा जिना! पुढे ते संगणक गेले, घरोघरी तयार सॉफ्टवेअरचे बंद डबे आले. केंब्रिजमध्ये एबेन अप्टन आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की, संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांची संख्या आणि तयारी दोन्ही उतरतायत. त्यांनी भाषेला दोष दिला नाही. त्यांनी मुलांना मोडायला-जोडायला परवडेल असा एक स्वस्त संगणक बनवला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय बाजारात आला. त्यावर मुलं शिकतात ती बहुधा पायथन, पण समोर उघडी तार असते, दिवा असतो, चालू-बंद होणारी पिन असते. यंत्र डोळ्यांआड जात नाही.

आपल्याजवळ पुण्याचं सी-डॅक आहे. तिथे एम्बेडेड सिस्टिम्सची पदविका आहे, यंत्राच्या जवळचं काम शिकवणारी. ज्यांना या वाटेने जायचंय त्यांनी चौकशी जरूर करावी.

९. साहित्याच्या माणसांनी यात काय पाहावं?

सिस्टिम्सच्या कामात नवीन लिहिण्यापेक्षा जुनं वाचणं जास्त असतं. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी ही ओळ का लिहिली, तिच्या आगेमागे काय होतं, ती बदलली तर कुठलं नातं तुटेल, हे शोधत बसावं लागतं. आपण पोथीचे पाठभेद बघताना करतो ते याहून फार वेगळं नाही. लिनक्समध्ये प्रत्येक बदलाबरोबर तो का केला याची टीप लिहावी लागते, आणि ती नीट नसेल तर बदल परत येतो. म्हणजे नेमकं लिहिता येणं ही तिथे शोभेची गोष्ट नाही, कामाची गोष्ट आहे.

दुसरं म्हणजे, भाषा टिकणं आणि भाषेतलं ज्ञान टिकणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे आपल्याला घरूनच माहीत आहे. मराठी बोलणारे कोट्यवधी असले तरी मोडी वाचणारे आपोआप तयार होत नाहीत. कुणीतरी वर्ग घ्यावा लागतो, कुणीतरी रविवार सकाळ मोडून शिकायला जावं लागतं. सी, रस्ट, एडा कुठलीही घ्या, गणित तेच.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमची भावंडं, पायथन शिकत असाल तर अगदी आनंदाने शिका. फक्त एक दिवस स्वतःला विचारा: मी एंटर दाबल्यावर खाली नेमकं काय होतं? तो प्रश्न ज्याला पडतो आणि जो त्याच्या मागे जातो, तो लोकप्रियतेच्या यादीत मोजला जात नाही. पण पुढच्या वेळी विमानतळावरचे पडदे निळे पडले, तर सगळे वाट त्याचीच पाहत असतील.

मंडळाच्या चर्चेसाठी प्रश्न

१. ‘लोकप्रियता मागणी वाढवते आणि त्याच वेळी पुरवठा आटवते’ हे विधान भाषेव्यतिरिक्त दुसऱ्या कुठल्या क्षेत्राला लागू पडतं? एक उदाहरण द्या.

२. एडाची सक्ती का टिकली नाही? शासनाने भाषा सक्तीची केल्याने तिचे जाणकार वाढतात का? आपल्या परिसरातल्या अनुभवाशी ताडून पाहा.

३. लिनक्समधल्या जुन्या आणि नव्या देखभालदारांच्या वादात तुम्ही कुणाच्या बाजूने उभे राहाल? दोन्ही बाजूंचा एकेक सबळ मुद्दा आधी मांडा, मग आपलं मत सांगा.

४. पहिली प्रोग्रामिंग भाषा सोपी असावी की यंत्राच्या जवळची? तुमच्या ओळखीतल्या एका विद्यार्थ्याशी आणि एका शिक्षकाशी बोलून दहा ओळींत लिहा.